वहिनीच्या काड्या

नणंदेने घरात काड्या करायच्या आणि भावजयीने त्या निस्तरायच्या, अशी जगाची रीत आहे म्हणतात. आमच्याकडे उलटं आहे. काड्या वहिनी करते, आणि तेही रीतसर पगार घेऊन. हा विनोद मी तिच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी केला होता, तेव्हा ती पोट धरून हसली होती. गेल्या वर्षी तोच विनोद जेवताना पुन्हा केला, तर तिने ताट सरकवलं आणि उठून गेली. दादा माझ्याकडे असं बघत राहिला, जणू मी तिच्या अन्नात माती कालवली.

तर आधी काड्यांचं सांगते. वहिनी एका संशोधन संस्थेत रसायनतज्ज्ञ आहे आणि ती ज्या काड्या बनवते त्या डोळ्यांना दिसत नाहीत. एक केस घ्या आणि तो उभा चिरत जा, चिरत जा. हजारो धागे झाले की त्यातल्या एकाएवढी तिची काडी. नॅनोरॉड म्हणतात त्याला. त्या असतात अर्धवाहकाच्या. अर्धवाहक म्हणजे धड वीज वाहू देत नाही आणि धड अडवूनही धरत नाही असा पदार्थ. ना हो, ना नाही. आमच्या दादासारखा. हा पदार्थ काडीच्या आकारात असला की वीज त्यातून एका दिशेने सरळ धावते, आणि गोळीच्या आकारात असला की तिथल्या तिथे घुटमळते. म्हणून जगाला काड्या हव्यात आणि गोळ्या नकोत. माझं शास्त्र इथे संपलं.

मी स्वतः वीज कंपनीच्या तक्रार कक्षात फोन घेते. दिवसभर अनोळखी माणसांची बोलणी खायची आणि ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे’ असं गोड आवाजात म्हणायचं, हे माझं काम. त्यामुळे घरी आल्यावर माझी जीभ जरा सैल सुटते. तरी वहिनीचं आणि माझं जमतं. ती मला थट्टेने ‘वन्सं’ म्हणते आणि दर शनिवारी आपल्या प्रयोगशाळेत घेऊन जाते. कारण तिथला नियम असा, की पेटत्या शेगडीपाशी कुणी एकट्याने काम करायचं नाही, आणि शनिवारी तिथे चिटपाखरू नसतं. थोरल्या सरांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, मला तसं परवानगीचं ओळखपत्रही दिलंय. मी दाराजवळच्या स्टुलावर बसते. वहिनी पडली, पेटली किंवा गुदमरली तर भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, एवढीच माझी जबाबदारी. ती कधी पडली नाही. त्या वर्षी मात्र तिला धक्का देऊन पाडावं असं मला अनेकदा वाटलं.

वहिनीच्या वडिलांचं कपडे धुण्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या कोटावर शाई सांडली की काय लावायचं, तेल सांडलं की काय, गंज लागला की काय, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. डाग घालवता घालवता ती रसायनशास्त्रात शिरली. स्वच्छतेचं वेडही तिथूनच आलेलं. आमच्या घरात धुऊन पालथा ठेवलेला पेला ती पुन्हा धुऊन घेते. पहिल्या वर्षी आईला त्याचा राग यायचा. पुढे आईने तिला पेले धुवायचं काम कायमचं देऊन टाकलं आणि प्रश्न मिटला.

आता काड्या कशा होतात ते. तीन तोंडांचा एक गोल फ्लास्क असतो. त्यात मेणासारखं पांढरं रसायन टाकायचं. वहिनी त्याला मेणच म्हणते, मीही मेणच म्हणेन. त्याचं खरं नाव उच्चारायला गेले तर माझा घसा बसेल आणि कंपनीचं नुकसान होईल. ते मेण वितळवून त्यात कॅडमियमचं संयुग विरघळवायचं, आत हवा शिरू नये म्हणून आर्गॉन वायू सोडत राहायचा, आणि तीनशे अंशांच्या पुढे तापवायचं. तोवर आत सगळं पाण्यासारखं नितळ. मग सेलेनियम विरघळवलेला दुसरा द्रव सिरिंजने आत सोडायचा, आणि रंग फुटतो. आधी पिवळा, मग नारिंगी, मग लालबुंद. शनिवारची झोप मोडावी अशी एवढीच एक गोष्ट मी जगात पाहिली आहे.

पण त्या लाल रंगात काड्या आहेत की गोळ्या, हे नुसतं बघून कळत नाही. सगळं गार करून, स्पिरिट घालून, यंत्रात गरगर फिरवून तळाशी लाल गाळ बसवायचा आणि त्यातला थेंब तळमजल्यावरच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवायचा. मग पडद्यावर निकाल.

वहिनीचं नाव झालं ते ओतण्यावरून. बाकीचे लोक सिरिंज एका दमात रिकामी करतात. वहिनीने सुरुवातीला तसंच केलं होतं, तर नुसत्या गोळ्या आल्या होत्या. मग तिने स्वतःची रीत बसवली: पहिला एक जोर, मग थांबायचं, मग ओठांतल्या ओठांत आकडे मोजत इवले इवले घोट द्यायचे. तिचा अंगठा हलतोय की नाही हे कळतही नाही. आणि तेव्हापासून काड्या यायला लागल्या, एकसारख्या, सरळ. दुसऱ्या गावांतून विद्यार्थी तिचा हात बघायला यायचे. ‘बाईंचा हात’ असा शब्दच पडला होता तिकडे. तिचा शोधनिबंध छापून आला, त्यात दावा हाच, की काडी घडते ती या ओतण्याच्या लयीमुळे. वहिनी वर्षानुवर्षं कंत्राटावर होती, दर वर्षी पुन्हा नेमणूक, पुन्हा धाकधूक. निबंध आला आणि संस्थेने कायमची एक जागा जाहीर केली. थोरले सर म्हणाले, “बाई, ही जागा तुमच्या हातासाठीच आहे.” आईने ते वाक्य सगळ्या नातेवाइकांना फोन करून ऐकवलं.

मग एक दिवस परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून ईमेल आला. मोठ्या अदबीने लिहिलं होतं. तुमच्या कृतीने आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आम्हाला गोळ्याच मिळतात, आमचं काही चुकतंय का ते कृपया सांगावं.

“त्यांचं काहीतरी चुकतंय,” वहिनी हसत म्हणाली. “निबंध झाल्यापासून मी काड्या केलेल्या नाहीत. एकदा करून त्यांना फोटो पाठवते.”

त्या शनिवारी मी होतेच. मेण तापलं, तिने आकडे मोजत ओतलं, पिवळा, नारिंगी, लाल. खाली जाऊन पडद्यावर बघितलं, तर गोळ्या. थोड्याशा लांबट, मोहरीचा दाणा चिमटीत दाबल्यासारख्या, पण गोळ्याच. वहिनी म्हणाली, “तापमान चुकलं असेल.”

पुढच्या वेळी तापमान अचूक होतं. गोळ्या आल्या. त्याच्या पुढच्या वेळी वायू नवा होता. गोळ्या आल्या. सिरिंज नवी, गोळ्या. फ्लास्क नवा, गोळ्या.

हळूहळू घराचा रंग बदलला. वहिनी घरात यायची ती थेट हात धुवायला जायची आणि तिथेच उभी राहायची, नळ सोडून. दादा पोहायला शिकवतो, तलावावर. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे. “अंग सैल सोड. धडपडलीस की बुडतेस. सैल सोडलंस की आपोआप तरंगशील.”

“मी पाण्यात नाहीये,” वहिनी ओरडली. “मी तीनशे अंशांच्या मेणात आहे!”

आईचं वेगळंच. “गोळ्या तर गोळ्या. गोल असण्यात काय वाईट आहे? अख्खी पृथ्वी गोल आहे. त्यांना कळव, काड्यांचा हंगाम संपला, आता गोळ्याच मिळतील.”

“आई, पृथ्वीचं मी छापून आणलेलं नाही. काड्यांचं आणलंय.”

मीही शहाणपणा पाजळलाच. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ कमीजास्त वीजदाब असतं, म्हणून मी म्हटलं, तुझी शेगडी वीजदाबामुळे लहरी झाली असेल. वहिनीने ऐकून घेतलं. मी आमच्या एका तंत्रज्ञाला गळ घालून मोजमाप करवलं. वीजदाब इतका सरळ होता, की आमच्याच कंपनीचा आहे यावर माझा विश्वास बसेना. शनिवार वाया गेला. वहिनीने उलट मलाच ‘असू दे’ म्हटलं, हेच जास्त लागलं.

संस्थेत कुजबुज सुरू झाली. चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, “पहिले फोटो निवडून काढले असतील हो. सगळेच काढतात.” ज्याने म्हटलं त्याला वहिनी मागेच उभी आहे हे माहीत नव्हतं. तिने मला ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, पेला धुता धुता. “मी खोटं केलं असं म्हणतायत गं. मी. जी धुतलेला पेला धुते.”

थोरल्या सरांनी तर कडेलोट केला. त्यांनी तिला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो बाई, एवढं काय मनाला लावून घेता? नीट शोधा. कुठल्या तरी कोपऱ्यात चार काड्या सापडतीलच. तेवढ्याच जागेचा फोटो काढा आणि द्या पाठवून. मुलाखत तोंडावर आलीय.”

घरी येऊन वहिनीने चप्पल अशी भिरकावली, की ती कपाटाखाली गेली. “चार काड्या! चार काड्या उकिरड्यावरही सापडतात!” मी झाडू घेऊन चप्पल काढत बसले आणि मनातल्या मनात थोरल्या सरांना, माझ्या नोकरीत जे शब्द मी फक्त ऐकते, ते सगळे ऐकवले. असल्या माणसांचं मला नवल वाटतं. यांच्या घरात यांचे कान उपटणारी कुणी वहिनी नसते का?

त्यानंतर वहिनीने सफाई मोहीम काढली. काचेचं एकूण एक भांडं आम्लाने धुतलं, भट्टीत वाळवलं. स्पिरिट पुन्हा ऊर्ध्वपातन करून घेतलं. मेण तर उत्तम प्रतीचंच होतं. पूर्वी संस्था स्वस्तातलं मेण आणायची, शंभरातले दहा भाग भलतंच काही असलेलं, पिवळट, वासाचं. निबंध छापून आल्यावर वहिनीने भांडारातल्या काकांशी महिनाभर भांडून शुद्ध मेण मिळवलं होतं. त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली होती, “आता लाज वाटणार नाही.” आणि आता त्या शुद्ध मेणावरही तिचा भरवसा राहिला नाही. ते तिने आणखी शुद्ध केलं, पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून, बर्फासारखं होईपर्यंत. मी स्टुलावर बसून हे बघत होते आणि मला रडू येत होतं. इतकं माणसाने स्वतःला घासलं असतं तर हाड दिसलं असतं.

आणि एवढ्या सगळ्यानंतर निकाल काय? गोळ्या. पण आता लांबटही नाहीत. पूर्ण गोल. कंपासने काढाव्यात तशा. त्या शनिवारी मी भडकले. “सोड ना हे! लिहून टाक त्यांना, तुमचं तुम्ही बघा म्हणून! माणसाने किती डोकं आपटायचं एका भिंतीवर?”

वहिनीने त्यांना काही लिहिलं नाही. पण तिने सगळे फोटो छापून घरी आणले.

रविवारी सकाळी ते तिने जेवणाच्या टेबलावर मांडले. डावीकडे सगळ्यात जुने, निबंधातले, उजवीकडे कालचे. आईला भाजी चिरायला जागा हवी होती, म्हणून ती सुरी घेऊन उभी. दादा पेपर वाचतोय असं दाखवत होता. वहिनीने एकदा डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे.

“मी जितकी झटले,” ती सावकाश म्हणाली, “तितकं बिघडत गेलंय.”

“काय?” मी विचारलं.

“बघ ना. इथे नवं मेण आणलं, तेव्हा निदान लांबट होत्या. इथे भांडी धुतली, थोड्या आखूड. इथे मेण शुद्ध केलं, गोल. जितकं स्वच्छ, तितकं गोल.” ती खुर्चीत बसली. “काड्या घाणीतून येत होत्या. त्या जुन्या, पिवळट मेणात काहीतरी होतं. ते काडीच्या बाजूंना चिकटून बसत असणार, म्हणून ती जाड न होता फक्त लांब वाढायची. मीच ते काढून टाकलं. भांडून.”

आई सुरी खाली ठेवून म्हणाली, “मग सोपं आहे. घाण परत आण.”

दादा हसला, मी हसले, आणि मग वहिनीही हसली. कितीतरी दिवसांनी. आम्हाला वाटलं, सुटला तिढा.

परत आणणं काही इतकं सोपं नव्हतं. भांडारातले काका म्हणाले, “बाई, तुम्हीच म्हणालात ना, हा कचरा मला पुन्हा डोळ्यांसमोर नको? मी टाकून दिला.” त्यांचं काय चुकलं? शेवटी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या प्रयोगशाळेत, जिथे कुणी कधी चांगला माल पाठवत नाही, त्याच कंपनीच्या जुन्या मेणाचा एक डबा सापडला. पिवळट, कडेला चिकट झालेला. वहिनीने तो छातीशी धरून आणला.

त्या शनिवारी तिने आपल्या हाताने, आपल्या लयीत ओतलं. आणि काड्या आल्या. पडदाभर. मी उड्या मारल्या, तिला मिठी मारली. तळमजल्यावरचा पहारेकरी काय झालं म्हणून डोकावून गेला. थोरल्या सरांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, “शाबास! लगेच पाठवा. कृती तीच, फक्त मेण या प्रतीचं घ्या म्हणावं. संपला विषय.”

खरंच संपला होता. तिने खोटं केलं नव्हतं हे सिद्ध झालं होतं. फोटो होता, कृती होती, मुलाखत दोन आठवड्यांवर आली होती.

पण घरी येताना वहिनी वळणावर थांबली आणि म्हणाली, “वन्सं, मी एका दमात ओतायची तेव्हा गोळ्या यायच्या, आठवतं? तेव्हा मी थोरल्या सरांच्या कपाटातल्या छोट्या बाटलीतलं मेण वापरायचे. महागाचं, शुद्ध. ती बाटली संपली, संस्थेने स्वस्तातला डबा आणला, आणि त्याच सुमारास मी ओतायची रीत बदलली.”

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी म्हटलं, “नको.”

“मी दोन्ही एकदम बदललं होतं.”

“वहिनी, नको. झालंय ना सगळं नीट? कुणी विचारलेलं नाही. कुणी विचारणारही नाही.”

“मी विचारलंय ना,” ती म्हणाली.

थोरल्या सरांनी आधी हसण्यावारी नेलं, मग आवाज चढवला. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता? प्रयोग एवढाच होता: तेच घाणेरडं मेण, पण ओतणं एका दमात. गोळ्या आल्या, तर तिचा हात खरा. काड्या आल्या, तर हाताचं काहीच नाही, सगळं त्या घाणीचं. सरांनी विद्यार्थ्यांनाही तिला मदत करू नका म्हणून बजावलं. आणि तिला मदत लागणार होती, कारण तिचा स्वतःच्या अंगठ्यावर भरवसा नव्हता. “तो सवयीने थांबेल गं. मला न सांगता थांबेल. दुसऱ्या कुणीतरी ओतायला हवं.”

दुसरं कुणी म्हणजे मी. नियमात बसणारं नव्हतं हे. तिने मला आठवडाभर रोज साध्या पाण्यावर सराव दिला: सुई घालायची, अंगठा दाबायचा, बाहेर. विचार नाही, आकडे नाहीत.

शनिवारी तिने मला हातमोजे चढवले, चष्मा लावला, माझे केस स्वतः बांधले. मेण तापलं. ती माझ्या शेजारी काचेच्या पडद्याआड उभी होती आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता. “आता,” ती म्हणाली. मी दाबलं. एका दमात, तक्रारीचा फोन आपटून ठेवावा तसं. पिवळा, नारिंगी, लाल. सगळं तसंच. त्या रंगाला काय, कुणाच्या हातून फुटतोय याचं सोयरसुतक नव्हतं.

मग गार होईपर्यंत वाट बघितली. मग गरगर फिरवणं. मग तळमजला. जिन्यावर वहिनी पुटपुटत होती, मला वाटलं आकडे मोजतेय. नीट ऐकलं तर ती म्हणत होती, “गोळ्या येऊ देत. गोळ्या येऊ देत.” ज्या गोळ्यांना तिने वर्षभर शिव्या दिल्या, त्यांच्यासाठी ती हात जोडायची बाकी होती. मीही मनात तेच म्हणत होते. माझ्यासारख्या अडाणी हाताने काहीतरी बिघडवावं, नासवावं, एवढंच मागत होते. आयुष्यात इतकं बिघडवलंय मी, एकदा कामाला यायला काय हरकत होती?

पडद्यावर आधी सगळं करडं होतं. तिने बटण फिरवलं, चित्र स्पष्ट झालं.

काड्या. लांब, सडपातळ, एकसारख्या, पडदाभर पसरलेल्या. तिच्या निबंधातल्यापेक्षा सुंदर. मी, जिला त्या रसायनाचं नावही घेता येत नाही, तिने एका अंगठ्याच्या दाबाने त्या केल्या होत्या.

वहिनीने जागा बदलून बघितलं. दुसरीकडे, तिसरीकडे. सगळीकडे काड्या. मग ती हात मांडीवर ठेवून बसली. “वर्षानुवर्षं,” ती म्हणाली. “वर्षानुवर्षं मला वाटायचं, माझा हात आहे.” आणि ती रडली, रागाने, तोंडावर मूठ धरून. माझ्या तोंडात नोकरीतलं ते एकच वाक्य आलं आणि मी ते गिळलं. मला त्या काड्यांचा इतका संताप आला होता, की पडदा फोडावा.

“थोरल्या सरांना मागच्या शनिवारचा फोटो दिलायस ना?” मी शेवटी म्हटलं. “तोही खराच आहे. तो पाठव. हा आपल्या दोघींत राहू दे. मी मरेपर्यंत बोलणार नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर इथूनच पाठवते. घरी गेले की तुझा दादा समजूत घालेल, तू घालशील, आणि मी ऐकेन.”

तिने त्या परदेशी प्रयोगशाळेला तिथेच बसून लिहिलं. दोन्ही फोटो जोडले. काड्या जुन्या मेणातल्या अशुद्धीमुळे येतात. ती अशुद्धी नेमकी कुठली ते मला माहीत नाही. माझ्या ओतण्याच्या पद्धतीचा काहीही संबंध नाही, माझा निष्कर्ष चुकला होता. थोरल्या सरांना त्याची प्रत. तिने एकदा वाचलं, एक शब्द दुरुस्त केला आणि पाठवून दिलं. ती अशुद्धी आता ते लोकच शोधून काढतील, त्यांच्याकडे माणसं आहेत, यंत्रं आहेत. ती कायमची जागा आता वहिनीला मिळणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाहेर पडलो तेव्हा सरांचे फोन यायला लागले होते. तिने घेतले नाहीत.

घरी दार आईनेच उघडलं. तिला एवढंच माहीत होतं, की आज शेवटचा, मोठा प्रयोग आहे आणि ओतायचं मला आहे.

“झाल्या का गं काड्या?”

मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, “झाल्या, आई. सगळ्याच्या सगळ्या.”

“आणि ओतल्या कुणी? हिने?” आईने माझ्याकडे बोट केलं. “हिच्या हातून? जिला चहाही धड ओतता येत नाही, तिच्या हातून झाल्या?”

“हो.”

“बघ! मी म्हणत नव्हते?” आई काय म्हणत होती ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने वहिनीच्या गालावरून हात फिरवला, डोळे लाल दिसले ते आनंदाचेच समजली, आणि फोन घेऊन मावशीला लावायला आत गेली. तिचा आवाज घरभर घुमायला लागला. सूनबाईच्या काड्या झाल्या, आता जागा पक्की.

दादा वहिनीकडे बघत होता. मी ओतलं आणि तरी काड्या झाल्या, म्हणजे काय, हे त्याला कळलं होतं. मी आत धावले, आईच्या हातातला फोन काढून घ्यायला. वहिनीने माझं मनगट धरलं.

“सांगू देत त्यांना,” ती म्हणाली. “काड्या झाल्या, एवढं तर खरंच आहे.”